गणिताचें डोकें : जन्माचें कीं वळणाचें ?

गेल्या जून महिन्यांत शालान्त परीक्षेचा निकाल लागल्यावर एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या कन्येस गणितांत १०० पैकीं ९१ गुण मिळाले होते. पुढें विज्ञान शाखेंत जाऊन गणित हाच आपला मुख्य विषय करावा, अशी तिची इच्छा होती. गृहस्थ मोठे सज्जन, मुलीवर जीव टाकणारे. ते म्हणाले, "सर, गुण चांगले पडले ह्याचा आम्हांला आनंदच आहे. पण ती सारी पाठांतराची मेहनत. पोरीच्या जातीला गणिताचें डोकें निसर्गानेंच दिलेलें नसतें. पुढें झेपलें नाहीं म्हणजे तिचेंच वर्ष फुकट जाईल. तुम्हीच तिला समजावून सांगा." मुलगी शेजारींच उभी होती व आमच्या तोंडाकडे पाहत होती. आम्ही "विचार करून सांगतों" असें कांहींतरी बोललों व वेळ मारून नेली. आठ दिवसांनीं कळलें कीं, तिनें दुसऱ्या शाखेंत नांव घातलें.

तो प्रश्न आम्हांस नवा नव्हता. उत्तर मात्र तयार नव्हतें. शिक्षकाच्या हातून घडणाऱ्या चुकांपैकीं गप्प बसणें ही कांहीं लहान चूक नव्हे. म्हणून ह्या वर्षीं आम्हीं ह्या विषयावर जें वाचलें व आमच्या वर्गांत जें पाहिलें, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊं. मुलगे व मुली ह्यांच्या गणितांतील गतींत जें अंतर कोठें कोठें दिसतें, त्याचें कारण काय ? एक पक्ष म्हणतो कीं, तें शरीराच्या व मेंदूच्या घडणींतच आहे. ह्यास आपण प्रकृतिपक्ष म्हणूं. दुसरा म्हणतो कीं, घर, शाळा व समाज मुलांना जें वळण लावतात त्याचा तो परिणाम आहे. हा संस्कृतिपक्ष होय. ह्या दोहोंचा न्याय करण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. सरासरी निराळी व व्यक्ति निराळी. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षां अधिक असते. म्हणून प्रत्येक पुरुष प्रत्येक स्त्रीहून उंच असतो असें नाहीं, आणि माप घेतल्यावांचून कोणाची उंची कोणी ठरवीतहि नाहीं. गणितांतील अंतर तर उंचीच्या अंतराच्या मानानें फारच लहान आहे. असें असतां येथें मात्र माप न घेतांच निर्णय देण्याची आपली तयारी असते. त्या पालकांच्या हातीं ९१ गुणांचें माप होतें. तें बाजूला ठेवून त्यांनीं ऐकीव सरासरीवर भिस्त ठेविली.

ही समजूत जुनी आहे व केवळ आपल्याच देशांतील नाहीं. फ्रान्समध्यें सोफी जेर्में (१७७६–१८३१) नांवाची मुलगी रात्रीं गणिताचीं पुस्तकें वाची, म्हणून आईबापांनीं तिच्या खोलींतील शेगडी व मेणबत्त्या काढून घेतल्या होत्या. ती पांघरुणें लपेटून चोरून वाचीतच राहिली. पॅरिस येथें १७९४ मध्यें जी मोठी तंत्रशाळा निघाली, तींत स्त्रियांना प्रवेश नव्हता. तेव्हां ल ब्लां ह्या पुरुषाचें नांव घेऊन तिनें तेथील व्याख्यानांचीं टिपणें मिळविलीं व उत्तरें लिहून पाठविलीं. त्याच नांवानें तिनें जर्मनींतील थोर गणिती गाउस ह्यांच्याशीं पत्रव्यवहार केला. पुढें १८१६ मध्यें पॅरिसच्या विज्ञान अकादमीचें पारितोषिक तिला मिळालें, तें मात्र तिच्या स्वतःच्या नांवावर.

केंब्रिज येथील रँग्लर ही पदवी मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे तेथील गणिताच्या परीक्षेंत सीनियर रँग्लर, म्हणजे सर्वांत पहिले, आले, त्याचें कौतुक महाराष्ट्रांत पिढ्यान्पिढ्या झालें. परंतु त्याच परीक्षेंत त्याच्या नऊ वर्षें आधीं काय घडलें, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. १८८१ पासून स्त्रियांना त्या परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली होती. मात्र त्यांची यादी वेगळी वाचली जाई, व पुरुषांच्या यादींत त्यांचा क्रमांक कोणत्या जागीं आला असता एवढेंच सांगत. १८९० मध्यें न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट ह्यांचें नांव उच्चारून, त्यांची जागा "सीनियर रँग्लरच्या वर" आहे, असें जाहीर करण्यांत आलें. सभागृहांत जयघोष झाला. पदवी मात्र त्यांस मिळाली नाहीं. कारण केंब्रिज विद्यापीठानें स्त्रियांना पूर्ण पदव्या देण्यास आरंभ केला तो १९४८ सालीं. ज्या काळांत अभ्यासाच्या श्रमानें मुलींची प्रकृति बिघडते असें डॉक्टर लोक छापून सांगत होते, त्याच काळांतील ही हकीकत आहे.

कोणी म्हणेल, हे अपवाद झाले. एकदोन असामान्य स्त्रियांवरून सर्वांची गोष्ट कशी सांगतां? आक्षेप योग्य आहे. म्हणून प्रकृतिपक्षाचें म्हणणें त्याच्या सर्व बळानिशीं ऐकून घेऊं.

अमेरिकेंत कॅमिला बेनबो व ज्यूलियन स्टॅनली ह्या दोघां संशोधकांनीं तेरा वर्षांखालील अतिशय हुषार मुलांना कॉलेजप्रवेशाची गणिताची परीक्षा देवविली. ८०० पैकीं ७०० किंवा अधिक गुण मिळविणारांत एका मुलीमागें तेरा मुलगे निघाले. हें वृत्त त्यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलें व तें जगभर पसरलें. दुसरा मुद्दा असा कीं, पुष्कळ परीक्षांत मुलग्यांचे गुण अधिक विखुरलेले आढळतात. म्हणजे अगदीं वरच्या टोकाशीं मुलगे अधिक, आणि अगदीं खालच्या टोकाशींहि मुलगेच अधिक. तिसरा मुद्दा मनांतल्या मनांत आकृति फिरविण्याचा. ठोकळ्यांची एक आकृति दाखवून, शेजारची दुसरी आकृति तीच आहे पण फिरविलेली, कीं वेगळीच आहे, असें विचारलें असतां पुरुषांची सरासरी स्त्रियांहून बरीच चांगली येते. कांहीं महिन्यांच्या तान्ह्या मुलांतहि ह्या फरकाचीं चिन्हें दिसल्याचें दोन प्रयोगांत २००८ मध्यें नमूद झालें आहे. ह्या शक्तीचा भूमितीशीं संबंध आहे हें उघडच आहे. २००५ च्या जानेवारींत हार्वर्ड विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स समर्स ह्यांनीं, शास्त्रांतील सर्वोच्च जागांवर स्त्रिया थोड्या असण्याचें एक कारण जन्मजात शक्तींतील फरक असूं शकेल, असें भाषणांत म्हटलें, व त्यावरून मोठें वादळ उठलें.

येथवर प्रकृतिपक्ष भक्कम दिसतो. आतां त्याची परीक्षा कशी करावी ? एक साधी कसोटी आहे. जें रक्तांत आहे तें काळाप्रमाणें झपाट्यानें बदलणार नाहीं, देशाप्रमाणें फारसें बदलणार नाहीं, व शाळेंत घातल्यावर चार महिन्यांत एकाएकीं उगवणार नाहीं. हें अंतर ह्या तिन्ही कसोट्यांवर घासून पाहूं.

पहिली कसोटी काळाची. एकास तेरा हें जें प्रमाण सांगितलें, तेंच पुढें त्याच जातीच्या परीक्षांत, १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच, सुमारें एकास चारवर आलें. दहा-पंधरा वर्षांत माणसाचें रक्त बदलत नाहीं. बदललें तें एवढेंच कीं, अमेरिकेंतील मुली शाळेंत अधिक गणित घेऊं लागल्या व त्यांना तें घेऊं देण्यांत आलें. सर्वसाधारण मुलांविषयीं तर २००८ सालीं जॅनेट हाइड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेच्या दहा राज्यांतील, दुसरीपासून अकरावीपर्यंतच्या, सुमारें ७० लाख विद्यार्थ्यांचे गुण तपासले. मुलगे व मुली ह्यांच्या सरासरींत लक्षांत घेण्याजोगें अंतर त्यांना आढळलें नाहीं.

दुसरी कसोटी देशाची. पंधरा वर्षांच्या मुलामुलींची पिसा नांवाची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा होत असते. २००३ सालच्या परीक्षेंत बहुतेक देशांत गणितांत मुलगे थोडे पुढें होते. पण आइसलंडमध्यें मुली पुढें होत्या. आकृति जुळविण्याच्या शक्तीचेंहि असेंच. ह्याचें फार बोलकें उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. ईशान्य भारताच्या डोंगराळ मुलुखांत खासी व कार्बी असे दोन समाज शेजारीं शेजारीं राहतात. कार्बींमध्यें जमीनजुमला मुलग्यांकडे जातो. खासींमध्यें घराचा वारसा धाकट्या मुलीकडे जातो. संशोधकांनीं दोन्ही समाजांतील सुमारें १३०० स्त्रीपुरुषांना चार तुकड्यांचें एक कोडें जुळवावयास दिलें. ह्याचा वृत्तांत २०११ मध्यें प्रसिद्ध झाला. कार्बी स्त्रियांना पुरुषांपेक्षां शेंकडा ३६ अधिक वेळ लागला. खासी स्त्रीपुरुषांत मात्र अंतर आढळलेंच नाहीं. डोंगर तेच, भातशेती तीच, वंशहि जवळचे. फरक काय तो स्त्रीच्या घरांतील मानाचा व तिला मिळालेल्या शिक्षणाचा.

तिसरी कसोटी वयाची, आणि ती आम्हां शिक्षकांना सर्वांत झोंबणारी आहे. फ्रान्समध्यें २०१८ पासून पहिलींत येणाऱ्या प्रत्येक मुलाची वर्षारंभीं, मग चार महिन्यांनीं, व पुन्हा दुसरीच्या आरंभीं परीक्षा घेण्यांत येते. चार वर्षांत अशा २६ लाखांहून अधिक मुलांचे गुण जमले व त्यांवरील लेख २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. शाळेच्या पहिल्या दिवसांत गणितांत मुलगे व मुली जवळजवळ बरोबरीचे होते. चार महिन्यांनीं मुलगे पुढें गेलेले दिसले. वर्ष संपल्यावर तें अंतर आणखी कितीतरी वाढलें होतें. शिवाय तें मुलांच्या वयाबरोबर वाढत नव्हतें, तर शाळेंत घालविलेल्या काळाबरोबर वाढत होतें. श्रीमंत वस्तींत व गरीब वस्तींत, प्रांतोप्रांतीं, हेंच आढळलें. म्हणजे मुली मागें पडलेल्या अशा शाळेंत येत नाहींत. शाळेंत आल्यावर मागें पडूं लागतात.

असें कां व्हावें ? कोणी मुद्दाम दुष्टपणा करीत नाहीं. वळण लागतें तें बारीकसारीक गोष्टींनीं. अमेरिकेंतील एका अभ्यासांत (२०१०) पहिली-दुसरीच्या सतरा शिक्षिका होत्या. त्यांपैकीं ज्यांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गांतील मुलींवर वर्षाअखेर त्या धास्तीचा परिणाम दिसला. "गणित मुलग्यांचें, वाचन मुलींचें" असें मानणाऱ्या मुली त्या वर्गांत अधिक निघाल्या, व त्यांचेच गुण उतरले. मुलग्यांवर तसा परिणाम झाला नाहीं. इस्राएलमध्यें एकाच इयत्तेच्या मुलांचे दोन प्रकारचे गुण ताडून पाहिले : एक नांव झांकून परक्यानें दिलेले, व दुसरे मुलांना ओळखणाऱ्या वर्गशिक्षकानें दिलेले. जेथें शिक्षकाचा हात मुलग्यांकडे झुकता होता, तेथल्या मुलींनीं पुढें वरच्या दर्जाचें गणित कमी प्रमाणांत घेतलें.

हें वाचून आम्हांस आपल्या वर्गाविषयीं शंका आली. एका विद्यार्थ्यास आम्हीं मागच्या बांकावर वही देऊन बसविलें व सांगितलें कीं, आम्ही फळ्यावर उदाहरण सोडविण्यास ज्याला बोलावूं त्याच्या नांवापुढें रेघ ओढ. उदाहरण कठीण असल्यास दोन रेघा. आठवड्यानें ती वही पाहिली. सोप्या उदाहरणांत मुलगे व मुली सारखीं होतीं. दुहेरी रेघा मात्र बहुतेक सर्व मुलग्यांच्या नांवांपुढें होत्या. वीस वर्षें आम्ही शिकवीत आहों, व आपण पक्षपात करीत नाहीं अशी आमची खात्री होती. त्या वहीनें ती खात्री काढून घेतली. त्या दिवसापासून आम्ही हजेरीपटाच्या क्रमानेंच नांव पुकारतों.

घरींहि असेंच चालतें. मुलाला ठोकळे, सायकल, पतंग, चेंडू; मुलीला भातुकली व बाहुली. आकृति फिरविण्याची शक्ति सरावानें वाढते, हें तर प्रयोगांनीं दिसलेलें आहे. टोरांटो येथील एका प्रयोगांत (२००७) संगणकावरील धावपळीचा खेळ अवघे दहा तास खेळल्यानें स्त्रियांचें ह्या बाबतींतलें मागासलेपण कमी झालें. आमच्या मुली अंगणांत ठिपक्यांची रांगोळी काढतात, तेव्हां समांतर रेषा, कोन, सममिति हीं सारीं त्यांच्या बोटांतून उतरत असतात. पण त्यास भूमिति म्हणून कोणी त्यांची पाठ थोपटीत नाहीं. "हात छान आहे" एवढेंच म्हणतात.

तथापि दुसऱ्या पक्षाच्या अंगानेंहि अतिशयोक्ति होऊं नये. समता अधिक असलेल्या प्रत्येक देशांत गणितांतील अंतर कमीच असतें, असें सरळ सूत्र टिकलेलें नाहीं. "मुलींना गणित येत नाहीं" ह्या समजुतीची आठवण करून दिल्यानेंच परीक्षेंत त्यांचे गुण उतरतात, असा निष्कर्ष १९९९ च्या सुमारास फार गाजला. पण नेदरलंडमध्यें दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या व २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कसोशीच्या प्रयोगांत तो परिणाम आढळला नाहीं. अगदीं वरच्या टोकाशीं एकास चारासारखें जें प्रमाण उरतें, त्यांत प्रकृतीचा वांटा किती व संस्कृतीचा किती, ह्याचा निकाल शास्त्रानें अजून दिलेला नाहीं. परंतु त्या निकालाची वाट पाहत आपल्या मुलीनें थांबण्याचें कारण नाहीं. तो वाद लाखांतून निवडलेल्या थोड्यांविषयीं आहे. आपल्या शाळेंतील मुलीनें अकरावींत गणित घ्यावें कीं नाहीं, ह्याचें उत्तर तिच्या उत्तरपत्रिकेंत आहे.

आणखी एक गोष्ट पालकांनीं मनांत घोळवावी. त्याच पिसा परीक्षेंत वाचनाच्या विषयांत जवळजवळ सर्व देशांत मुली मुलग्यांच्या पुढें असतात, आणि हें अंतर गणितांतल्या अंतराहून मोठें असतें. म्हणून कोणी बाप आपल्या मुलास असें म्हणतो काय कीं, "बाळ, भाषेचें डोकें मुलग्यांना निसर्गानेंच दिलेलें नसतें, तेव्हां तूं वकील किंवा संपादक होण्याच्या भानगडींत पडूं नकोस" ? आम्हीं तरी असा बाप पाहिला नाहीं. मुलगा वाचनांत मागें पडला तर आपण त्याला अधिक वाचावयास लावतों. मुलगी गणितांत अडखळली तर तिला गणितच सोडावयास सांगतों. अंतर दोन्हींकडे आहे; निर्णय मात्र एकीकडेच जन्मावर सोपविला जातो.

आपल्या देशांत ह्या निर्णयाला एकेकाळीं अभ्यासक्रमाचाच आधार होता. पुष्कळ शाळांत मुलींना गणिताऐवजीं गृहशास्त्रासारखा विषय घेतां येई. १९६४–६६ च्या कोठारी आयोगानें, शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान हे विषय मुलगे व मुली सर्वांना सक्तीचे असावेत, अशी शिफारस केली. त्याच सुमाराची महाराष्ट्रांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६४ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या गणिताच्या एम. ए. परीक्षेंत मंगला राजवाडे ह्या पहिल्या आल्या व त्यांस सुवर्णपदक मिळालें. ह्याच पुढें मंगला नारळीकर (१९४३–२०२३) म्हणून महाराष्ट्रास परिचित झाल्या. १९६५ मध्यें विवाह, मग संसार व मुली. आणि विवाहानंतर सोळा वर्षांनीं, १९८१ मध्यें, गणितांतील पीएच. डी. मुलांसाठीं त्यांनीं मराठींत गणिताचीं सोपीं पुस्तकें लिहिलीं. तीं सोळा वर्षें त्यांची बुद्धि कोठें गेली नव्हती; वेळ मात्र संसाराला लागला होता. प्रकृति व संस्कृति ह्यांच्या वादांत हा साधा हिशेब आपण विसरतों. जगांतहि आतां तेंच दिसूं लागलें आहे. फील्ड्स पदक हा गणितांतील सर्वोच्च मानांपैकीं एक मान १९३६ पासून दिला जातो; तो प्रथम स्त्रीस मिळाला २०१४ मध्यें, इराणच्या मरियम मिर्झाखानी ह्यांना, व त्यानंतर २०२२ मध्यें युक्रेनच्या मारिना व्याझोव्स्का ह्यांना.

तेव्हां पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलीचें गणित कच्चें असेल तर तें पक्कें करण्याची व्यवस्था करा, जशी मुलग्यासाठीं कराल. व पक्कें असेल तर त्यावर विश्वास ठेवा. "मलाहि गणित येत नव्हतें" हें आईनें मुलीजवळ कौतुकानें सांगूं नये. ती धास्ती वारशानें जाते. मुलींनीं हें जाणावें कीं, उदाहरण अडलें म्हणजे तें आपल्या जातीमुळें अडलें असें नव्हे. उदाहरणें सर्वांनाच अडतात, आणि पुन्हा बसून सोडविणाराला सुटतात. मुलग्यांनीं आपल्या बहिणीला चिडविण्यापूर्वीं आपल्या मराठीच्या गुणांकडे एकवार पाहावें. आणि आम्हीं शिक्षकांनीं कठीण उदाहरणाच्या वेळीं कोणाचें नांव तोंडांत येतें तें तपासावें.

तो निकालाचा दिवस परत आणतां येत नाहीं. पण पुढच्या जूनमध्यें कोणी पालक तोच प्रश्न घेऊन आले, तर आम्ही "विचार करून सांगतों" असें म्हणणार नाहीं. मुलीची उत्तरपत्रिका व हा अंक, दोन्ही त्यांच्या हातीं देऊं.